इस्टिओमध्ये कॅनरीला 10% वेट दिलं, पण हाताने तपासलं तर 25% रिक्वेस्ट नव्या व्हर्जनकडे जातात

बॅकएंड_पुणे

नमस्कार. खासगी बसगाड्यांच्या आरक्षणाचं आमचं सॉफ्टवेअर कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी प्रणाली) चालतं. मेश म्हणून, म्हणजे सर्व्हिसांमधली रहदारी सांभाळायला, इस्टिओ आहे, साइडकार पद्धतीचं: प्रत्येक पॉडमध्ये (सर्व्हिसच्या चालत्या प्रतीत) ॲपशेजारी एक प्रॉक्सी असतो. बाहेरची रिक्वेस्ट गेटवेतून ‘बुकिंग’ सर्व्हिसकडे येते आणि बुकिंग पुढे ‘भाडे’ सर्व्हिसला दर विचारतं. गणपतीत कोकणात जादा गाड्या सुटतात, त्यांचं भाडं काढायचा हिशोब आम्ही सगळा नव्याने लिहिला आहे. तो एकदम सगळ्यांवर सोडायचा नाही, आधी कॅनरी करायची, म्हणजे थोड्याच रिक्वेस्ट नव्या व्हर्जनकडे सोडून पाहायच्या, असं ठरलं.

भाडेचे जुने पॉड 3 आहेत, नवा 1. डेस्टिनेशनरूलमध्ये (इथे पॉडांचे गट ठरतात) व्हर्जनच्या लेबलवरून व्ही1 (जुना) आणि व्ही2 (नवा) असे दोन सबसेट केले. व्हर्च्युअलसर्व्हिसमध्ये (रिक्वेस्ट कोणत्या गटाकडे जायची ते नियम) व्ही1 ला 90 वेट, व्ही2 ला 10. स्टेजिंगवर (चाचणीच्या क्लस्टरवर) हे लावून हाताने तपासायला बसले आणि तिथेच गाडं अडलं.

लॅपटॉपवरून भाडे सर्व्हिसला पोर्ट-फॉरवर्ड (लॅपटॉपचं पोर्ट क्लस्टरला जोडणं) लावून कर्लचा (कमांडने रिक्वेस्ट पाठवायचं साधन) लूप चालवला, तर एकही रिक्वेस्ट व्ही2 कडे गेली नाही. मग डीफॉल्ट नेमस्पेसमध्ये एक साधा डीबग पॉड उभा करून तिथून तोच लूप चालवला. आता 100 मध्ये 25 च्या आसपास व्ही2! वेट 99 आणि 1 करून पाहिलं, तरी आकडा पंचविशीतच फिरतो. ॲपमधून खरं बुकिंग करून पाहावं तर उत्तर कोणत्या व्हर्जनने दिलं हे कळायला मार्ग नाही.

इस्टिओसीटीएल ॲनालाइझ (इस्टिओची कॉन्फिग तपासणारी कमांड) सगळं ठीक आहे म्हणतं. आमच्या लीडचं म्हणणं, हाताने तपासण्यात वेळ घालवू नका, 10% सोडा आणि ग्राफानावर (आलेखांचा डॅशबोर्ड) लक्ष ठेवा. मला ते पटत नाही. भाडं चुकलं तर एरर येणार नाही, 200 (म्हणजे ‘सगळं ठीक’) येईल आणि प्रवाशाकडून पैसे जास्त घेतले जातील. ग्राफवर ते दिसणार कुठे?

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वेट पाळलं का जात नाही? आणि अशी कॅनरी हाताने नीट तपासायची कशी?

एसआरई_ठाणे

तुमच्या 25 मध्येच उत्तर आहे. 3 जुने, 1 नवा, एकूण 4 पॉड, त्यातला चौथा हिस्सा. म्हणजे तुमच्या रिक्वेस्टला मेशचे नियम लागलेच नाहीत. कुबरनेटिसच्या साध्या सर्व्हिसने त्या चार पॉडांत सारख्या वाटल्या. वेट 1 करा नाहीतर 50 करा, तिथून आकडा हलणार नाही.

इस्टिओत वाटणी कुठे होते हे इथे महत्त्वाचं आहे. ज्याला बोलावलं जातं त्या भाडेच्या दारात ती होत नाही. जो बोलावतो त्याच्या साइडकारमध्ये होते. बुकिंगच्या पॉडमधला एन्व्हॉय, म्हणजे साइडकारमधला प्रॉक्सी, रिक्वेस्ट बाहेर पडतानाच ठरवतो की ही व्ही1 ची की व्ही2 ची. तुमच्या डीफॉल्ट नेमस्पेसवर इंजेक्शनचं (साइडकार आपोआप घालायचं) लेबल नसणार, म्हणून डीबग पॉडला साइडकार मिळाला नाही आणि ठरवणारं कुणी उरलं नाही. रिक्वेस्ट पोचली याचा अर्थ स्टेजिंगवर एमटीएलएस (दोन्ही बाजूंची ओळख पटवणारं एन्क्रिप्शन) परमिसिव्ह आहे, म्हणजे साधी कनेक्शनंही चालतात. स्ट्रिक्ट असतं तर कनेक्शनच तुटलं असतं आणि तुम्हाला हे लगेच कळलं असतं.

पोर्ट-फॉरवर्डचं कोडं याहून सोपं. सर्व्हिसचं नाव दिलं तरी क्यूबसीटीएल (कुबरनेटिसची कमांड) त्यामागचा एक पॉड निवडतं आणि ते बंद करेपर्यंत सगळं त्याच एका पॉडकडे जातं. तुम्हाला व्ही1 चा पॉड लागला. व्ही2 चा लागला असता तर 100 च्या 100 नव्याकडे गेल्या असत्या. वाटणी तपासायला ते साधन कधीच वापरू नका.

मग उभं कुठे राहायचं? जिथे खरा बोलावणारा उभा आहे तिथेच. बुकिंगच्या पॉडमध्ये शिरा आणि तिथून भाडेला कर्ल करा. इमेजमध्ये कर्ल नसेल तर क्यूबसीटीएल डीबगने त्याच पॉडला तात्पुरता कंटेनर जोडा. कुबरनेटिस 1.25 पासून ही सोय स्थिर झाली आहे. तो कंटेनर पॉडचंच नेटवर्क वापरतो, म्हणून त्याची रिक्वेस्टही साइडकारमधून जाते.

इथे एक खड्डा आहे, तो आधीच सांगतो, कारण चांगली अनुभवी माणसं त्यात पडलेली पाहिली आहेत. इस्टिओ-प्रॉक्सी या कंटेनरमध्ये बहुधा कर्ल आयतं मिळतं, म्हणून लोक त्यातच शिरून रिक्वेस्ट मारतात. पण त्या कंटेनरचा यूजर आयडी 1337 असतो आणि आयपीटेबल्सचे (लिनक्समध्ये रहदारी वळवणारे) नियम 1337 ची बाहेर जाणारी रहदारी मुद्दाम सोडून देतात, नाहीतर एन्व्हॉयची स्वतःचीच रिक्वेस्ट फिरून त्याच्याकडेच आली असती. म्हणजे तिथून पुन्हा तेच 25% दिसणार. ॲपच्या कंटेनरमधून करा किंवा जोडलेल्या कंटेनरमधून, आणि त्याचाही आयडी 1337 देऊ नका.

कर्ल करण्याआधी एकदा इस्टिओसीटीएल प्रॉक्सी-कॉन्फिग रूट हे बुकिंगच्या पॉडवर चालवा, भाडेच्या नव्हे. त्यात दोन सबसेट आणि त्यांची वेटं दिसली तर नियम पोचला. दिसली नाहीत तर व्हर्च्युअलसर्व्हिसमधलं गेटवेज हे फील्ड बघा. ते लिहिलंच नसेल तर नियम मेशच्या आतल्या रहदारीला लागतो. पण कुणी तिथे फक्त गेटवेचं नाव लिहिलं असेल आणि सोबत ‘मेश’ लिहिलं नसेल, तर बुकिंगकडून भाडेकडे जाणाऱ्या रिक्वेस्टला तो नियम लागू होत नाही. ॲनालाइझ यावर गप्प राहतं, कारण त्याच्या दृष्टीने तसं लिहिणं वैध आहे.

उत्तर कोणी दिलं हे कळण्यासाठी भाडेच्या कोडला हात लावायची गरज नाही. व्हर्च्युअलसर्व्हिसमध्ये प्रत्येक डेस्टिनेशनखाली रिस्पॉन्स हेडर जोडता येतो. व्ही1 च्या खाली एक, व्ही2 च्या खाली दुसरा. शिवाय बुकिंगच्या साइडकारचा ॲक्सेस लॉग चालू करा. त्यात अपस्ट्रीम क्लस्टरच्या नावात दिशा, पोर्ट, सबसेट आणि सर्व्हिसचं पूर्ण नाव उभ्या रेघांनी वेगळं केलेलं असतं. ॲपमधून केलेलं खरं बुकिंग कुठे गेलं ते तिथे कळेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो आणि त्यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

‘वाट बरोबर आहे का’ आणि ‘नवं व्हर्जन बरोबर आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 10% वेट लावून, कर्ल मारत बसून, दोन्हींची उत्तरं एकदम मागितली तर एकाचंही धड मिळत नाही. वेट म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टमागे नव्याने टाकलेली चिठ्ठी. दर दहावी रिक्वेस्ट व्ही2 ला, असा पाळीचा हिशोब त्यात नसतो. 10% वर 20 रिक्वेस्ट केल्या तर त्यातली एकही व्ही2 ला न जाण्याची शक्यता सुमारे 12% आहे. 100 केल्या तर 4 पासून 16 पर्यंत काहीही येऊ शकतं आणि ते ठीकच मानायला हवं. 1000 केल्या तर साधारण 80 ते 120. म्हणून वाटणी मोजायची असेल तर 1000 चा लूप एकदा चालवा, आकडा त्या पट्ट्यात आहे एवढं बघा आणि तो विषय सोडा.

व्हर्जनचा खरेपणा तपासायला चिठ्ठी नको, बोट दाखवायला हवं. व्ही2 चं वेट 0 ठेवा. वेटाच्या नियमाच्या वर एक मॅच लिहा: ‘एक्स-कॅनरी’ हेडरची किंमत व्ही2 असेल तर सरळ व्ही2, व्ही1 असेल तर सरळ व्ही1. वरच लिहा. नियम वरून खाली वाचले जातात आणि जुळणारा पहिला लागतो. खाली लिहिलेला मॅच कधी वाचलाच जाणार नाही. हेडरचं नाव लहान अक्षरांत. मग तुमच्याकडची अवघड उदाहरणं काढा: मध्यरात्री तारीख ओलांडणारी गाडी, मधल्या थांब्यावर चढणारा प्रवासी, लहान मुलाचं अर्धं तिकीट, रद्द करून पुन्हा काढलेलं आसन. प्रत्येक उदाहरण दोन्ही हेडरांनी पाठवा आणि दोन उत्तरं शेजारी ठेवून फरक वाचा. फरक आला की तो हवा होता की नको होता हे माणसानेच ठरवायचं असतं. लीडना हे सांगा. ग्राफाना एरर आणि वेळ मोजतं, भाडं बरोबर आहे का ते त्याला माहीत नसतं.

सबसेट लावण्याचा क्रमही सांभाळा. आधी डेस्टिनेशनरूलमध्ये व्ही2 चा सबसेट, तो सगळ्या साइडकारांपर्यंत पोचू द्या, मग व्हर्च्युअलसर्व्हिसमध्ये त्याचा उल्लेख. काढताना बरोबर उलट. क्रम चुकला तर मधल्या काही क्षणांत 503 (सर्व्हिस उपलब्ध नाही) एरर मिळतात आणि नव्या कोडवर नाहक संशय येतो.

बॅकएंड_पुणे

दादा, मनापासून आभार. बुकिंगच्या पॉडमधून 1000 चा लूप चालवला, आकडा शंभरीच्या जवळ आला. प्रॉक्सी-कॉन्फिगमध्ये दोन्ही वेटं दिसतात.

मग वेट 0 करून हेडरची पद्धत लावली. बुकिंगच्या पॉडमधून कर्लने हेडर दिला की हवं ते व्हर्जन मिळतं. पण आमच्या टेस्टर ॲपमधून, म्हणजे गेटवेतून, तोच हेडर पाठवतात तेव्हा प्रत्येक वेळी व्ही1. त्यांना खरे स्क्रीन बघत तपासायचं आहे आणि ते रास्तच आहे. हेडर मध्येच गळतो का?

एसआरई_ठाणे

हो, बुकिंगच्या आत गळतो. साइडकारला येणारी रिक्वेस्ट दिसते आणि जाणारी रिक्वेस्टही दिसते, पण ही जाणारी त्या येणारीमुळे निघाली हे त्याला कळत नाही. ते फक्त बुकिंगच्या कोडला माहीत असतं. त्यामुळे येणाऱ्या रिक्वेस्टमधला हेडर उचलून जाणाऱ्या रिक्वेस्टमध्ये ठेवणं हे ॲपचंच काम आहे. मेश घेतली की हे आपोआप होतं असा समज फार पसरलेला आहे. तो खरा नाही. ट्रेसिंगच्या (रिक्वेस्टचा सर्व्हिसांमधला प्रवास नोंदवणाऱ्या) हेडरांनासुद्धा हाच नियम लागतो.

बुकिंगमध्ये ओपनटेलिमेट्री (ट्रेसिंगची लायब्ररी) असेल तर सोपं आहे. ‘बॅगेज’ नावाचा हेडर बॅगेज प्रोपगेटर चालू असेल तर पुढे पुढे नेला जातो. टेस्टरने त्यात कॅनरीची खूण ठेवायची आणि मॅच बॅगेजवर रेजेक्सने (मजकुराच्या नमुन्याने) लिहायचा. लक्षात ठेवा, इथे रेजेक्स पूर्ण मजकुराशी जुळावा लागतो, म्हणून खुणेच्या आधी आणि नंतर ‘काहीही चालेल’ असं लिहायला विसरू नका. ओपनटेलिमेट्री नसेल तर बुकिंगच्या एचटीटीपी क्लायंटमध्ये हेडर पुढे नेणारा छोटा मिडलवेअर घाला. तो कायमचा ठेवा, पुढच्या प्रत्येक कॅनरीला कामी येईल.

आणि प्रॉडक्शनवर नेताना गेटवेवर हा हेडर बाहेरच्या रिक्वेस्टमधून काढून टाका. नाहीतर कोणीही तो पाठवून अर्धवट तपासलेल्या व्हर्जनचं भाडं मिळवेल. टेस्टरांसाठी आतल्या नेटवर्कवर वेगळं होस्टनेम द्या आणि तेवढ्यावरच हेडर चालू द्या.

डेटा_नाशिक

चर्चेत एक गोष्ट आली नाही आणि ती मला सर्वांत धोक्याची वाटते. तुमची भाडे सर्व्हिस काफ्कावरून (संदेशांची रांग) काही वाचते का? जागा भरली, जागा रद्द झाली, असे संदेश?

वाचत असेल तर ‘व्ही2 चं वेट 0 आहे, म्हणजे तो निवांत बसलाय’ हे खरं नाही. मेश फक्त त्या पॉडकडे येणाऱ्या रिक्वेस्टवर नियम लावते. काफ्काचे संदेश पॉड स्वतः जाऊन आणतो. नवा पॉड सुरू झाला की तो त्याच कन्झ्युमर ग्रुपमध्ये (संदेश वाटून घेणाऱ्या गटात) सामील होतो, पार्टिशनांची (रांगेच्या भागांची) फेरवाटणी होते आणि 12 पार्टिशन असतील तर 4 पॉडांत 3 त्याच्या वाट्याला येतात. म्हणजे वेट शून्य असताना चौथा हिस्सा खरे संदेश नवं, न तपासलेलं कोड हाताळतं. पॉडच्या आत ठरावीक वेळाने चालणारी कामं असतील तर त्यांचंही तेच. कॅनरीच्या डिप्लॉयमेंटमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने कन्झ्युमर आणि शेड्यूलर बंद ठेवायची सोय करा. ते वेगळं तपासा, वेगळ्या दिवशी सोडा.

दुसरं, रेडिस, म्हणजे मेमरीतली कॅश. भाडं कॅशमध्ये ठेवत असाल तर दोन्ही व्हर्जन एकाच ‘की’खाली (कॅशमधल्या नावाखाली) लिहितात आणि वाचतात. व्ही2 ने नव्या रचनेत लिहिलेलं व्ही1 ला वाचता येतं का? याची हाताने करायची चाचणी अगदी छोटी आहे आणि मी ती कधीच टाळत नाही. कॅशमध्ये नसलेला एक मार्ग निवडा. आधी व्ही2 च्या हेडरने विचारा, लगेच तोच मार्ग व्ही1 च्या हेडरने विचारा. मग दुसरा मार्ग घेऊन उलट क्रमाने. फक्त व्ही2 ला तपासून हा दोष कधीच सापडत नाही, कारण मोडतं ते जुनं, न बदललेलं व्हर्जन. 10% कॅनरीने उरलेल्या 90% लोकांना एरर दाखवल्याचं मी पाहिलं आहे, आणि तेव्हा कॅनरीचा स्वतःचा ग्राफ हिरवागार होता. डेटाबेसच्या कॉलमांनाही हेच लागू: दोन्ही व्हर्जनं एकाच वेळी चालणार आहेत, तेव्हा जुन्याला न समजणारा बदल कॅनरीआधी करायचाच नाही.

क्लस्टर_कोल्हापूर

आम्ही व्हर्च्युअलसर्व्हिसऐवजी गेटवे एपीआयचा (कुबरनेटिसची प्रमाणित पद्धत) एचटीटीपीरूट वापरतो, म्हणून शोधत इथे येणाऱ्यांसाठी थोडं. तिथे सबसेट नसतात, व्ही1 आणि व्ही2 साठी दोन वेगळ्या सर्व्हिस कराव्या लागतात. वेट हे टक्के नसून प्रमाण असतं आणि लिहिलं नाही तर 1 धरलं जातं. व्ही1 ला 90 लिहून व्ही2 चं वेट लिहायचं राहिलं, तर व्ही2 ला 91 मधला एक भाग मिळतो, म्हणजे 1.1% च्या आसपास. हाताने 100 रिक्वेस्ट करणाऱ्याला वाटतं कॅनरी बंदच आहे.

इस्टिओच्या ॲम्बियंट पद्धतीत साइडकार नसतो. तिथे वेपॉइंट प्रॉक्सी (रिक्वेस्ट वाचून नियम लावणारा) लावला नसेल तर झेडटनेल (प्रत्येक नोडवरचा प्रॉक्सी) फक्त कनेक्शनच्या पातळीवर काम करतो. हेडरचा मॅच आणि रिक्वेस्टची वाटणी दोन्ही होत नाहीत. आणखी एक, कुठल्याही पद्धतीत: सर्व्हिसच्या पोर्टला एचटीटीपी किंवा जीआरपीसी असं नाव द्या. ते टीसीपी धरलं गेलं तर एचटीटीपीचे वेटाचे नियम लागतच नाहीत, पॉडची निवड प्रत्येक कनेक्शनमागे एकदाच होते आणि कीप-अलाइव्हवरच्या (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनवरच्या) सगळ्या रिक्वेस्ट एकाच व्हर्जनकडे जात राहतात.

बॅकएंड_पुणे

सगळ्यांचं ऐकून केलं. मिडलवेअर घातला, आता टेस्टर ॲपमधून हवं ते व्हर्जन बघू शकतात. भाडे काफ्कावरून रद्द झालेल्या जागांचे संदेश वाचते, त्यामुळे कॅनरीत कन्झ्युमर बंद केला. रेडिसची आलटून पालटून केलेली चाचणी पार पडली.

शेजारी ठेवून वाचलेल्या उत्तरांत एक फरक निघाला. अर्ध्या तिकिटात व्ही1 जीएसटी लावण्याआधी रुपयात पूर्णांक करतं, व्ही2 नंतर करतं. काही मार्गांवर 1 रुपयाचा फरक पडतो. एरर शून्य, लेटन्सी तीच. लीडना ती दोन उत्तरं दाखवली. त्यांनी लगेच हिशोब विभागाला विचारलं, जुनी रीतच ठेवायची ठरली, आणि हेडरची तपासणी आता आमच्या रिलीझच्या यादीत आली आहे.

शेवटचं विचारते. प्रॉडक्शनवर 10% वर गेल्यानंतर परत फिरायची वेळ आली तर? तेही आधी हाताने तपासावं का?

एसआरई_ठाणे

जरूर तपासा, आणि स्टेजिंगवर रहदारी चालू असताना. एका टर्मिनलमध्ये बुकिंगच्या पॉडमधून सतत कर्ल चालू ठेवा, दुसऱ्यात वेट 0 करा आणि व्ही2 चा हेडर यायचा किती वेळात थांबतो ते घड्याळ लावून बघा. साध्या एचटीटीपी रिक्वेस्टला नवा नियम साइडकारपर्यंत पोचताच लागतो. पण वेबसॉकेट किंवा जीआरपीसीची लांब स्ट्रीम असेल तर ती आधीच्या पॉडला चिकटून राहते. ती बंद होऊन पुन्हा उघडेपर्यंत व्ही2 वरच असेल.

परत फिरताना व्ही2 चा पॉड लगेच काढू नका. आधी वेट 0, मग प्रोमेथियसमध्ये (मोजमापं साठवणारं साधन) इस्टिओचा रिक्वेस्ट मोजणारा काउंटर डेस्टिनेशन व्हर्जन व्ही2 लावून बघा. तो वाढायचा थांबला की हेडरचा मॅच काढा, मग डिप्लॉयमेंट, आणि डेस्टिनेशनरूलमधला सबसेट सर्वांत शेवटी. व्ही1 चे 3 पॉड मात्र तोवर कमी करू नका, ऑटोस्केलरलाही करू देऊ नका. परत आलेले 10% त्यांनाच पेलायचे आहेत आणि गणपतीच्या आधीच्या संध्याकाळी ते थोडे नसतील.

प्रॉडक्शनवर वेट देण्याआधी आणखी एक पायरी जमली तर घ्या. तुमचं भाडे फक्त हिशोब करून दर सांगतं, कुठे बुकिंग नोंदवत नाही, म्हणून मिररिंग तुम्हाला चालेल. व्ही1 कडे जाणाऱ्या खऱ्या रिक्वेस्टची नक्कल व्ही2 ला जाते, त्याचं उत्तर टाकून दिलं जातं, प्रवाशापर्यंत पोचत नाही. नक्कल आलेल्या रिक्वेस्टच्या होस्टला शेवटी ‘शॅडो’ जोडलेलं असतं, त्यावरून व्ही2 ला ती ओळखता येते. दोन्ही व्हर्जनांनी रिक्वेस्ट आयडीसकट काढलेलं भाडं लॉगमध्ये लिहावं आणि दुसऱ्या दिवशी जोड्या जुळवून फरक काढावेत. फक्त कॅशमध्ये व्ही2 ने लिहायचं नाही, तेवढं शॅडो पाहून बंद ठेवा.